कोंबडी आणि डायनोसॉरची सोयरीक जुळवणारा माणूस : जॉन ऑस्ट्रम

रानजाई
ताईचा मुलगा सुट्टीत नाशिकहून आमच्याकडे कनेटिकटला आला होता. वय वर्षं नऊ, डायनोसॉरांची नावं पाढ्यांसारखी पाठ. त्याला येल विद्यापीठाच्या पीबॉडी म्युझियमला घेऊन गेले. (हे म्युझियम चार वर्षं दुरुस्तीसाठी बंद होतं. २०२४ मध्ये उघडलं आणि आता तिकीटही लागत नाही.) डायनोनिकसच्या सांगाड्यासमोर थांबून साहेब म्हणाले, "मावशी, पाटी चुकलीय. हा व्हेलोसिरॅप्टर आहे, पिक्चरमधला."

पाटी चुकलेली नव्हती आणि भाचाही फारसा चुकला नव्हता. ती गंमत पुढे सांगते. घरी येऊन या प्राण्यामागचा माणूस कोण ते शोधत बसले आणि आठवडाभर त्यातून बाहेरच पडता आलं नाही. म्हणून हा धागा.

जॉन ऑस्ट्रम. जन्म १९२८, न्यूयॉर्क. वाढला त्याच राज्यातल्या स्केनेक्टडी गावात. डॉक्टर व्हायचं घरातून ठरलेलं होतं, त्यामुळे युनियन कॉलेजात वैद्यकीच्या तयारीचे विषय घेतले. मध्येच जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन या पुराजीवशास्त्रज्ञाचं उत्क्रांतीवरचं पुस्तक हाती लागलं आणि गाडीने रूळ बदलले. पुढे कोलंबिया विद्यापीठात एडविन कोलबर्टच्या हाताखाली डॉक्टरेट, १९६० मध्ये. मधल्या काळात ब्रुकलिनला आणि मग विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट कॉलेजात शिकवलं. १९६१ मध्ये येलला आला तो १९९२ ला निवृत्त होईपर्यंत तिथेच.

डॉक्टरेटचा विषय होता बदकासारख्या चोचीचे हॅड्रोसॉर. तेव्हा सर्वांचं मत असं की हे प्राणी दलदलीत डुंबत मऊ पाणवनस्पती खात असणार. ऑस्ट्रमने त्यांचे दात बघितले. शेकडो दात एकमेकांना खेटून, जात्याच्या पाळीसारखे. मऊ शेवाळ खायला कुणाला जातं लागतं? शिवाय एका वाळून टिकलेल्या हॅड्रोसॉरच्या पोटात पाइनवर्गीय झाडांच्या सुया मिळाल्याची जुनी नोंद होती, तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. १९६४ मध्ये त्याने लिहिलं की हे जमिनीवर चरणारे प्राणी आहेत. मला त्याच्या कामाची सगळी रीत इथेच दिसते. नवं हाड मिळायची वाट न बघता जे कपाटात आहे तेच पुन्हा नीट बघायचं.

अर्थात नवं हाडही मिळालं. ऑगस्ट १९६४, मोंटाना राज्यातलं ब्रिजर गाव. हंगाम संपत आलेला. ऑस्ट्रम आणि त्याचा सहायक ग्रँट मेयर एका उतारावरून चालत असताना खाली मातीतून नखं असलेला पंजा बाहेर आलेला दिसला. दोघेही उतारावरून जवळजवळ घरंगळतच खाली पोचले. खोदायची हत्यारं बरोबर नव्हती, म्हणून खिशातले चाकू काढून माती खरवडायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी पाऊल उघडं पडलं. त्याच्या दुसऱ्या बोटाला विळ्यासारखं वळलेलं, बाकीच्यांपेक्षा कितीतरी मोठं नख होतं.

पाच वर्षं अभ्यास करून १९६९ मध्ये त्याने सविस्तर वर्णन छापलं आणि नाव ठेवलं डायनोनिकस, म्हणजे भयंकर नखाचा. लांबी साडेतीन मीटरच्या आत, वजन एखाद्या माणसाएवढं. शेपटी हाडांच्या बारीक कांड्यांनी ताठ केलेली, तोल सांभाळायला. एका पायावर उभं राहून दुसऱ्याने वार करणारा प्राणी सुस्त, थंड रक्ताचा कसा असेल, असा त्याचा प्रश्न होता. त्या प्रबंधातलं धावत्या डायनोनिकसचं चित्र रॉबर्ट बॅकर नावाच्या विद्यार्थ्याने काढलं. पाठ जमिनीला समांतर, शेपटी मागे सरळ. आज असं चित्र बालवाडीच्या पुस्तकातही असतं. तेव्हा डायनोसॉर म्हटला की शेपूट फरफटत नेणारा, हे ठरलेलं होतं.

आणि खुद्द पीबॉडीच्या दालनात भिंतभर, तब्बल ११० फूट लांब चित्र आहे, रुडॉल्फ झॅलिंगरने १९४७ मध्ये पूर्ण केलेलं. त्यात ब्राँटोसॉरस पाण्यात उभा आणि टायरॅनोसॉरसची शेपूट जमिनीवर. ऑस्ट्रमने तीस वर्षं त्याच इमारतीत बसून त्या चित्राच्या विरुद्ध पुरावे गोळा केले. चित्र मात्र कुणी पुसलं नाही, आणि बरंच केलं. फार सुंदर आहे.

पक्ष्यांचा भाग प्रतिसादात लिहिते, भात लावायचाय.

गंप्या
मस्त धागा! पण "सोयरीक" शीर्षकात आणि लेखात कोंबडी कुठेच नाही. फसवणूक. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

खडकवासी
रानजाई, छान लिहिताय. भूगर्भशास्त्र शिकवत असल्याने जरा भर घालतो.

पक्षी डायनोसॉरांचे नातलग, ही कल्पना ऑस्ट्रमची नव्हे. टी. एच. हक्सली या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १८६८ च्या आसपासच ती मांडली होती. पुढे १८७६ मध्ये तो येलला जाऊन तिथल्या ओ. सी. मार्श या पुराजीवशास्त्रज्ञाचा संग्रह बघून आला. या मार्शला कॅन्ससमध्ये दात असलेले जुने पक्षीही मिळाले होते. म्हणजे त्या संग्रहालयाला या विषयाची परंपराच आहे.

मग कल्पना बुडाली कशी? गेरहार्ड हाइलमान नावाच्या डॅनिश चित्रकाराचा ग्रंथ १९२६ मध्ये इंग्रजीत आला. त्याने पक्षी आणि मांसाहारी डायनोसॉर यांची हाडं एकेक करून ताडून बघितली, साम्य बघून तोही चकित झाला आणि शेवटी म्हणाला, नाही. का, तर पक्ष्यांना गळ्याजवळ जोडलेली हंसळीची हाडं असतात आणि डायनोसॉरांना ती नसतात. एकदा गेलेला अवयव परत येत नाही, सबब नातं रद्द. चाळीसेक वर्षं लोकांनी हा निकाल शिरोधार्य मानला.

आणि खरी चेष्टा पुढे आहे. मंगोलियात मिळालेल्या ओव्हिरॅप्टर या डायनोसॉरचं वर्णन १९२४ मध्ये छापलं गेलं, त्यात हंसळी होती! तिला भलतंच हाड समजून चित्रात दाखवलं होतं. पुरावा छापून दोन वर्षं झाल्यावर "पुरावा नाही" म्हणून खटला निकाली.

रानजाई
खडकवासी काका, धन्यवाद. ओव्हिरॅप्टरचं ठाऊक नव्हतं.

आता कोंबडी. गंप्या, वाच.

१९७० मध्ये ऑस्ट्रम युरोपातली म्युझियमं फिरत होता, टेरोसॉर म्हणजे उडणाऱ्या सरपटणाऱ्यांचा अभ्यास करायला. नेदरलँड्समध्ये हार्लेमच्या टेलर्स म्युझियममध्ये एक लहानसा दगड होता, १८५५ साली बव्हेरियात सापडलेला. हेर्मान फॉन मायर या नामांकित जर्मन तज्ज्ञाने १८५७ मध्ये त्याला टेरोडॅक्टिल, म्हणजे टेरोसॉरचाच एक प्रकार, ठरवलं होतं आणि तेव्हापासून तो त्याच नावाने कपाटात पडून. ऑस्ट्रमला हाडं खटकली. दगड खिडकीशी नेऊन तिरक्या उजेडात धरला, तर पुसट रेघा उमटल्या. पिसांच्या! म्हणजे हा आर्किऑप्टेरिक्स, तेव्हा ठाऊक असलेला सर्वांत जुना पक्षी. जगात तेव्हा त्याचे मोजून तीन सांगाडे माहीत होते आणि हा चौथा शंभर वर्षं चुकीच्या चिठ्ठीखाली.

आता पंचाईत. खरं सांगितलं तर एवढा मौल्यवान नमुना कोण परदेशी नेऊ देईल? न सांगता टेरोडॅक्टिल म्हणूनच उसना नेला तर? त्याने सांगून टाकलं. म्युझियमच्या अधिकाऱ्याने तो दगड तडक उचलला आणि आत निघून गेले. ऑस्ट्रमला वाटलं, संपलं. थोड्या वेळाने ते परत आले, हातात सुतळीने बांधलेलं बुटांचं खोकं. त्यात तो दगड. तुम्ही आमच्या म्युझियमचं नाव केलंत, घेऊन जा!

डायनोनिकसचं मनगट त्याच्या डोक्यात ताजं होतं. त्यात अर्धचंद्रासारखं एक हाड आहे. त्यामुळे पंजा आपल्यासारखा वरखाली न वळता बाजूला दुमडतो. आर्किऑप्टेरिक्समध्येही तसंच हाड, तशीच तीन लांब बोटं, तसाच खांदा, कंबरेची ठेवण मिळतीजुळती. १९७३ मध्ये छोटा लेख आणि १९७६ मध्ये मोठा प्रबंध लिहून त्याने सांगितलं की आर्किऑप्टेरिक्सची पिसं झाकून ठेवली तर उरतो तो लहान मांसाहारी डायनोसॉर. याला आधार आहे. जर्मनीत १९५१ मध्ये सापडलेला आर्किऑप्टेरिक्सचा एक सांगाडा कित्येक वर्षं कॉम्प्सोग्नॅथस या डायनोसॉरच्या नावाखाली पडून होता, कारण पिसांचे ठसे फार पुसट होते.

हंसळीबद्दल तो म्हणाला, जी हाडं मिळालेली नाहीत त्यांवर निकाल देऊ नका. हे मला फार आवडलं.

पिंपळपान
रानजाई, माझ्यासारख्या कला शाखेवाल्यांसाठी ते मनगट अजून एकदा सांगाल का? बाजूला दुमडतो म्हणजे काय?

सांडगे_मिरची
मी सांगू का, पिंपळपान? रविवारी कोंबडी आणता ना? चिकनवाल्याकडून पंख अख्खे आणा. पंखाचे तीन तुकडे असतात, टोकाचा बिनमांसाचा, मधला दोन हाडांचा आणि खांद्याकडचा जाड. टोकाचा आणि मधला यांच्यामधला सांधा म्हणजे मनगट. आता टोकाचा तुकडा धरून हलवा. पंखाच्या सपाटीतच, करंगळीकडच्या बाजूने तो छान मिटतो, जपानी पंख्यासारखा. तुम्ही पापड लाटताना मनगट वरखाली करता तसं करायला गेलात तर अडतो. बस, हेच.

रस्सा करताना मी हे हजार वेळा हातात धरलंय आणि आज कळलं की हातात काय धरलं होतं.

खडकवासी
सांडगे_मिरची, याहून चांगलं मला वर्गात सांगता आलं नसतं. उद्या चोरतो.

एक पुरवणी. पूर्ण वाढलेल्या पक्ष्यात मनगटाची आणि तळव्याची हाडं एकजीव होतात, त्यामुळे तो अर्धचंद्र सुटा दिसत नाही. पण ब्रॉयलर कोंबडी चाळीसेक दिवसांचीच असते, तिच्यात जोड पक्का झालेला नसतो. पंख उकडून मांस काढलंत तर मनगटाशी ते चिमुकलं हाड वेगळं दिसायला हवं.

दगडू_तेली
सगळं ठीक, पण मला एक कळत नाही. डायनोनिकस साधारण ११ कोटी वर्षांपूर्वीचा, आर्किऑप्टेरिक्स १५ कोटी. बाप मुलाहून चार कोटी वर्षांनी लहान? हे कसं काय खपवून घेतलं लोकांनी?

खडकवासी
दगडूशेठ, लोकांनी नाहीच खपवून घेतलं. अॅलन फेडुशिया आणि लॅरी मार्टिन हे पक्ष्यांचे मोठे अभ्यासक हाच मुद्दा घेऊन उभे राहिले. उत्तर सोपं आहे. डायनोनिकस हा पक्ष्यांचा बाप असल्याचं ऑस्ट्रमने कधी म्हटलंच नाही. तो चुलत घराण्यातला. तुमचा चुलतभाऊ तुमच्यापेक्षा लहान असू शकतो की नाही? दोघांचे आजोबा एक, एवढंच म्हणणं आहे. शिवाय चीनमध्ये पुढे अँकिऑर्निस वगैरे पिसांचे प्राणी आर्किऑप्टेरिक्सहूनही जुन्या खडकांत मिळाले, त्यामुळे कालगणनेचा तो आक्षेप आता उरलेला नाही.

बोटांचा आक्षेप जास्त टोकदार होता. डायनोसॉरच्या हाताला अंगठ्यापासूनची पहिली तीन बोटं, तर पक्ष्याच्या गर्भात दिसतात ती मधली तीन, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं. यावर बरीच वर्षं रणकंदन झालं.

टेकडीवरचा
लेख आवडला, पण आरती ओवाळली जातेय असं वाटतं म्हणून दुसरी बाजू.

एक, कळपाने शिकार. मोंटानात जिथे खोदलं त्या जागी तीन-चार डायनोनिकसांची हाडं मिळाली आणि बरोबर टेनोंटोसॉरस या मोठ्या शाकाहारी डायनोसॉरचीही. त्यावरून टोळीने शिकार करत असावेत असा अंदाज निघाला आणि तोच "जुरासिक पार्क" सिनेमाने डोक्यात पक्का केला. २००७ मध्ये रोच आणि ब्रिंकमन यांनी लिहिलं की कोमोडो ड्रॅगनसारखे एकाच मढ्यावर जमून आपसात मारामाऱ्या करणारेही असू शकतील. मुद्दा म्हणजे, हा लेख येलच्या पीबॉडीच्याच पत्रिकेत आला.

दोन, त्या नखाने पोट फाडायचे, हेही डळमळीत आहे. २००५ मध्ये मॅनिंग आणि मंडळींनी यांत्रिक पाय करून डुकराच्या कातडीवर मारून पाहिला तर भोक पडलं, चीर पडली नाही. आता बरेच जण मानतात की ससाणा पायाखाली भक्ष्य दाबून धरतो तसा त्याचा उपयोग असावा.

तीन, उडणं कसं सुरू झालं याबद्दल ऑस्ट्रमची कल्पना अशी की धावत धावत हातांच्या पिसांनी माश्या-किडे झोडायचे, जाळ्यासारखे. म्हणजे पंख हे मूळचं माश्या मारायचं साधन! ही काही टिकली नाही.

रानजाई
टेकडीवरचा, तिन्ही मान्य. उलट मी तिसरं मुद्दाम लिहिणार होते, कारण एरवी अतिशय सावध असलेला माणूस तिथे कसा मोकाट सुटला याची मौज वाटते.

सावध का म्हणते ते सांगते. डायनोसॉर गरम रक्ताचे होते, असा डंका पुढे त्याच्याच विद्यार्थ्याने, बॅकरने, वाजवला. ऑस्ट्रमने १९६९ मध्ये शिकागोच्या परिषदेत म्हटलं होतं ते एवढंच, की डायनोसॉर जिथे सापडतात तिथलं हवामान उबदार होतं असं धरून चालू नका, कारण ते आजच्या सरड्यांसारखे होते हे सिद्ध झालेलं नाही. शिष्याने त्यावर इमला चढवला तेव्हा गुरू म्हणाला, काही जातींबद्दल शक्य आहे, सरसकट सगळ्यांबद्दल पुरावा कुठाय? बॅकर दाढी, टोपी घालून टीव्हीवर. ऑस्ट्रम कपाटापाशी. दोघेही लागतात बहुतेक.

पीटर डॉडसन, जेम्स फार्लो, थॉमस हॉल्ट्झ हेही त्याच्याच काळात येलमधून डॉक्टर झालेले.

आणि भाच्याचं राहिलंच. कादंबरीकार मायकेल क्रायटनने "जुरासिक पार्क" लिहिताना ऑस्ट्रमला गाठून डायनोनिकसबद्दल खोदून विचारलं आणि मग थोडं ओशाळून सांगितलं की प्राणी तुमचा, पण नाव व्हेलोसिरॅप्टर घेतोय, ते जास्त नाट्यमय वाटतं. खरा व्हेलोसिरॅप्टर मंगोलियातला, टर्कीएवढा. म्हणजे सिनेमातला स्वयंपाकघरात शिरणारा तो मोंटानाचाच गडी, टोपणनावाने. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे मी पण बरोबर." वाद संपला.

डोंबिवली_फास्ट_लोकल
मी हार्टफर्डला असताना जवळच रॉकी हिलचं डायनोसॉर स्टेट पार्क बघितलंय. १९६६ मध्ये सरकारी इमारतीचा पाया खणताना बुलडोझर चालवणाऱ्याला दगडाखाली तीन बोटांचे ठसे दिसले. नुसते चार-दोन नव्हेत, दोन हजारांच्या घरात. बांधकाम थांबवून ती जागा राखावी म्हणून जे उभे राहिले त्यांत ऑस्ट्रमही होता असं तिथे वाचलं होतं. सरकारने थोड्याच आठवड्यांत इमारत दुसरीकडे हलवली. आपल्याकडे असतं तर... जाऊ दे, धागा भरकटेल.

खडकवासी
कनेटिकट नदीच्या त्याच खोऱ्यातले ठसे एडवर्ड हिचकॉक या प्राध्यापकाने १८३६ मध्ये पहिल्यांदा वर्णन केले, आणि ते अवाढव्य पक्ष्यांचे आहेत असं तो आयुष्यभर म्हणत राहिला. पुढे लोक त्याला हसले. आता हसायला जरा जड जातं. ऑस्ट्रमने १९७२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओकच्या ठशांवरून दाखवलं की बरेचसे प्राणी एकाच दिशेने गेलेत, म्हणजे काही डायनोसॉर घोळक्याने हिंडत असावेत.

(अवांतर : डोंबिवलीकर, आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं आणि अश्मीभूत विष्ठा मिळते. शेतातून वेचता येते. वेगळा धागा काढा कुणीतरी, इथे नको.)

पिंपळपान
मग त्याला जिवंतपणी न्याय मिळाला की नाही? आमच्या कथांमध्ये मिळत नाही सहसा.

रानजाई
मिळाला, पिंपळपान. ऑक्टोबर १९९६, न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात पुराजीवशास्त्रज्ञांची वार्षिक परिषद होती. चीनहून आलेले चेन पेइ-जी यांनी एक फोटो बरोबर आणला होता. ल्याओनिंग प्रांतातला लहानसा डायनोसॉर, नाव सायनोसॉरोप्टेरिक्स. डोक्यापासून पाठीवरून शेपटीपर्यंत मऊ लवेची काळपट किनार. फोटो हातोहात फिरत ऑस्ट्रमपाशी आला. अडुसष्ट वर्षांचा, निवृत्त. गुडघ्यांतलं बळ गेलं, खाली बसावं लागलं, असं त्याने स्वतःच नंतर सांगितलं. आपल्या हयातीत हे दिसेल असं त्याला वाटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी तो चीनला जाऊन तो दगड प्रत्यक्ष बघून आला. बरोबर लॅरी मार्टिनही होता, जन्माचा विरोधक! लव म्हणजे पिसांची सुरुवात आहे, की कातडीखालचे कुजलेले तंतू, यावर तेव्हाही एकमत झालं नाही. ते पुढे इतर जीवाश्मांनी केलं. २०१० मध्ये त्या लवेत रंगाचे कण सापडले आणि शेपटीवर तांबूस पट्टे असल्याचं कळलं. व्हेलोसिरॅप्टरच्या हातावर पिसांच्या मुळांच्या खुणा मिळाल्या त्या २००७ मध्ये. ते बघायला ऑस्ट्रम नव्हता. २००५ च्या जुलैत गेला, शेवटी अल्झायमरने गाठलं होतं.

खडकवासी
हार्लेमच्या दगडाचं शेवटचं प्रकरण राहिलं. २०१७ मध्ये फोथ आणि राउहुट या दोघांनी तो पुन्हा तपासला आणि म्हणाले, हा आर्किऑप्टेरिक्सही नव्हे! अँकिऑर्निसच्या कुळातला, वेगळाच प्राणी. म्हणजे ऑस्ट्रमचं निदान चुकलं. मग त्या वेगळ्या प्राण्याला त्यांनी नाव दिलं ऑस्ट्रोमिया.

टेकडीवरचा
हे भारी आहे. चुकल्याबद्दल नाव.

गंप्या
कोंबडी आली, समाधान झालं. धागा वाचनखुणेत.

पिंपळपान
अपडेट. काल पंख उकडले, टूथपिक घेऊन बसले, घरच्यांनी विचारलं काय चाललंय. मनगट मिटतं-उघडतं ते अगदी सांडगे_मिरचीने सांगितल्यासारखं. पण खडकवासी काकांचं ते सुटं अर्धचंद्राचं हाड काही मिळेना, सगळं एकच. दोन्ही पंख शोधले.

खडकवासी
कोंबडी कुठली होती?

पिंपळपान
गावरान. सासूबाईंना ब्रॉयलर चालत नाही.

खडकवासी
मग बरोबर. गावरान म्हणजे कित्येक महिन्यांची, जोड पक्का झालेला. ब्रॉयलर आणा.

पिंपळपान
बरं. सासूबाई बुधवारी गावाला जाताहेत.